चित्रातले पाणी

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे आणि खानदेशातही शेतकऱ्यांच्या घरी मला एक रंगीत चित्र वारंवार पाहावयास मिळते. चित्र आडवे असते. वरच्या कडेला मीटरांचे आकडे, डाव्या बाजूला खोलीचे आकडे, आणि मधे निळ्या, हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रंगांचे पट्टे नि डाग. जमिनीचा हा उभा छेद आहे असे सांगण्यात आलेले असते. त्यातल्या एखाद्या निळ्या डागावर बॉलपेनाने फुली मारलेली असते. फुली मारणारा गृहस्थ यंत्र घेऊन येऊन गेलेला असतो, त्याची फी चुकती झालेली असते, आणि एक-दोन दिवसांत बोअरची गाडी त्या फुलीवर उभी राहावयाची असते. निळा रंग म्हणजे पाणी, हे यजमानाला कोणी समजावून द्यावे लागत नाही. शाळेतल्या नकाशापासून त्याला ते पाठ आहे.

ह्या निळ्या डागाविरुद्ध मला लिहावयाचे आहे. ज्या विद्येतून ते चित्र निघते तिचे मीठ मी खाल्ले आहे. केबलची वेटोळी खांद्यावर घेऊन आणि लोखंडी खुंट्या ठोकीत मी माझ्या आयुष्याची पुष्कळ वर्षे काळ्या पाषाणावर काढली, आणि ही विद्या खरी आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र संशय नाही. तिच्या नावावर आज जो व्यवहार चालला आहे तो मात्र खोटा आहे, आणि ज्यांना तो खोटा आहे हे कळते ते शिकलेले लोक गप्प आहेत. पाणाड्याची थट्टा करण्यात आम्हां मंडळींचा घसा कधी बसला नाही. मग आमच्याच बिरादरीतला माणूस पाणाड्याचे काम करू लागला की आमची वाचा का बसते?

प्रथम ही विद्या म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण चित्र विकणारा ते सांगत नाही. जमिनीत दोन खुंट्या ठोकून त्यांच्यातून वीज सोडावयाची आणि मधल्या दुसऱ्या दोन खुंट्यांत किती व्होल्टचा फरक पडतो तो मोजावयाचा. भागाकार केला आणि खुंट्यांच्या अंतराचा हिशेब त्यात धरला की जमीन विजेला किती अडविते त्याचा एक आकडा मिळतो. त्याला रोधकता म्हणतात आणि ती ओहम-मीटरमध्ये सांगतात. खुंट्या जवळजवळ असल्या तर वीज वरच्यावर फिरते, लांब नेल्या तर खोल उतरते. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे याने पॅरिसच्या खाणविद्यालयाच्या तळघरात एका टबात वाळू भरून ह्या कल्पनेचे पहिले प्रयोग केले आणि १९१२ साली नॉर्मंडीतल्या आपल्या घरच्या जमिनीवर ती पडताळून पाहिली. अमेरिकेत फ्रँक वेनर याने चार खुंट्या समान अंतरावर ठेवण्याची रीत १९१५ साली प्रसिद्ध केली. आजही आमची पोरे 'वेनर' आणि 'श्लुंबर्जे' ह्या दोन मांडण्यांची नावे घेऊनच माळावर उतरतात. श्लुंबर्जे पाण्याच्या शोधात नव्हता हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याला धातूंची खनिजे हवी होती, आणि विजेला मोकळी वाट देणारे खनिज आणि अडविणारा खडक यांत फरकच इतका मोठा असतो की त्याची रीत तेथे चटकन लागू पडली.

पूर्वी आम्ही एका जागी उभे राहून खुंट्या हळूहळू लांब नेत असू आणि कागदावर एक वक्ररेषा काढीत असू. आता एकाच ओळीत ४८ किंवा ७२ खुंट्या ठोकतात, त्या एका जाड केबलला जोडतात, आणि पेटीतले यंत्र आपणहून चार-चार खुंट्या निवडीत शेकडो मापे घेते. पुढे संगणक त्या मापांवरून जमिनीचा छेद रचतो. हा छेद रचण्याची जी पद्धत लोके आणि बार्कर ह्या दोघांनी १९९६ साली प्रसिद्ध केली, तिच्यामुळे दिवसभराचे काम काही मिनिटांत होऊ लागले. विद्युत प्रतिमांकन म्हणतात ते हे. फार उपयुक्त वस्तू आहे, यात वाद नाही.

परंतु छेद 'दिसतो' आणि छेद 'रचतो' ह्या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, त्या अंतरातच हा सगळा धंदा उभा आहे. यंत्राने जमिनीच्या पोटात डोकावून पाहिलेले नसते. त्याने पृष्ठभागावर काही व्होल्टेज मोजलेली असतात. 'जमीन अशी असती तर ही व्होल्टेज आली असती' असे म्हणून संगणक एक जमीन कल्पितो, तिचा हिशेब करतो, मोजलेल्याशी ताडून पाहतो, चुकले तर कल्पना बदलतो, पुन्हा हिशेब करतो. पाच-सात फेऱ्यांनी फरक पुरेसा कमी झाला की थांबतो. त्याच मापांशी जुळणाऱ्या दुसऱ्या दहा जमिनी कल्पिता येतात. पातळ पण फार कमी रोधाचा थर आणि जाड पण मध्यम रोधाचा थर यांचे उत्तर वरून सारखेच येऊ शकते. पाठ्यपुस्तकात ह्या अडचणीला स्वतंत्र प्रकरण असते. शिवाय पुष्कळ उत्तरांतून एक निवडावयाचे म्हणून संगणकाला बहुधा असे शिकविलेले असते की त्यातल्या त्यात गुळगुळीत, हळूहळू बदलणारे उत्तर पसंत कर. आणि आमची दख्खनची जमीन कशी आहे? भाकरीची चवड ठेवावी तशी लाव्हाच्या थरांची चवड. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास एकावर एक ओतलेले थर. मधे कोठे गेरूचा हातभर पट्टा, कोठे मांजऱ्या, कोठे डाइकची उभी भिंत. सगळ्या कडा धारदार. त्या संगणकाच्या हाती पडल्या की ढगासारख्या मऊ होतात.

आता रंगांकडे वळू. निळा रंग जमिनीत नसतो. तो लिहिणाऱ्याने प्रोग्रॅममध्ये घातलेला असतो: रोधकता कमी तेथे निळा, जास्त तेथे तांबडा. उद्या एखाद्याने उलटा क्रम लावला तर सगळ्या मराठवाड्याचे पाणी तांबडे होईल. निळ्या डागाचा अर्थ एवढाच की येथे वीज सहज वाहते. का वाहते, हे चित्र सांगत नाही. पाण्याने भरलेल्या भेगाळ पाषाणाची रोधकता कमी असते हे खरे. कोरड्या अभंग पाषाणाची ती शेकडो ओहम-मीटर असते, पाण्याने भरलेल्या कुजक्या पाषाणाची वीस-चाळीसवर येऊ शकते. पण ओल्या काळ्या मातीची तर दहाच्याही खाली जाते. गेरूच्या पट्ट्याची कमी असते. चिकण मातीने बुजलेल्या भेगेचीही कमी असते, आणि त्या भेगेतून थेंबभर पाणी विहिरीत येत नाही. मातीच्या कणांच्या अंगावरूनच वीज वाहते, तिला वाहते पाणी लागत नाही. खडकातल्या पाण्याचा आणि रोधकतेचा जो प्रसिद्ध नियम आर्ची याने १९४२ साली मांडला तो स्वच्छ, चिकण माती नसलेल्या वालुकाश्मासाठी होता. आमचा पाषाण कुजतो तेव्हा त्याची जी चिकण माती होते तीच आमची प्रसिद्ध काळी जमीन. म्हणजे नियमाची अटच आमच्या पायाखाली मोडलेली. तरीही तो नियम गृहीत धरून खोलीला किती इंच पाणी लागेल हे सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आणि सर्वांत निळे काय असते ते सांगू? खारे पाणी. समुद्राच्या पाण्याची रोधकता एका ओहम-मीटरच्या पाचव्या हिश्शाइतकी असते. अकोला, अमरावती, बुलढाणा ह्या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तेथे हे चित्र काढा. असे गडद, असे मनोहारी निळे दिसेल की बघतच राहावे. आणि ते पाणी पिकाला घातले तर जमीन वाया जाईल, माणसाला दिले तर तो थुंकून टाकील. कोकणातही खाडीच्या काठी हाच प्रकार. तेथल्या जाणत्या माणसाला ह्या चित्रात तांबूस-हिरवा भाग हवा असतो आणि निळ्यापासून तो दूर पळतो. ही एकच गोष्ट निळ्या डागाचा सगळा अधिकार काढून घेण्यास पुरेशी व्हावी.

दोन वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातला एक शेतकरी ओळखीच्या माणसाबरोबर माझ्याकडे आला. त्याने घडी घालून ठेवलेला कागद पिशवीतून काढला आणि टेबलावर पसरला. "सर, हे बघा. मशीननं दाखवलंय. दोन बोअर मारले, दोन्हीतून फुफाटा निघाला. आता तिसरा कुठं मारू?" मी कागद पाहिला. ह्या प्रोग्रॅममधून एकाखाली एक तीन चित्रे निघतात: पहिल्यात मोजलेली मापे, दुसऱ्यात कल्पिलेल्या जमिनीवरून आलेला हिशेब, तिसऱ्यात ती कल्पिलेली जमीन. जवळच फेरी कितवी आणि मोजमाप व हिशेब यांत शेकडा किती तफावत राहिली तो आकडा छापलेला असतो. ह्या कागदावर तिसरे चित्र तेवढे होते. वरची दोन नव्हती, आणि तफावतीची ओळ कात्रीने कापलेली होती. कड सरळसुद्धा नव्हती. मी विचारले, "केबल किती लांब पसरली होती?" तो म्हणाला, "बांधापासून विहिरीपर्यंत. साठ-सत्तर पावलं असतील." "आणि बोअर किती फूट नेला?" "पहिला सहाशे, दुसरा साडेसातशे. साहेब म्हणाले, पाचशेच्या खाली मोठी धार आहे."

वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा पाहावेत. समान अंतराच्या वेनर मांडणीत चित्राची भरवशाची खोली केबलच्या एकूण लांबीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी असते. ४८ खुंट्या पाच-पाच मीटरवर ठोकल्या तर पहिलीपासून शेवटचीपर्यंत २३५ मीटर होतात, आणि खोली मिळते चाळीस मीटरांच्या आसपास, म्हणजे सव्वाशे-दीडशे फूट. मांडणी बदलून, एक खुंटी दूर माळावर नेऊन ती काही वाढविता येते. पण वाढविण्यालाही अंतरच लागते. साठ-सत्तर पावले केबल पसरणाऱ्याला तीस-चाळीस फुटांखालचे काही सांगण्याचा अधिकार नाही. त्याने पाचशे फुटांखालची धार सांगितली. ही धार यंत्राने दाखविलेली नव्हती. ती त्या साहेबांच्या तोंडातून आली होती, आणि कागद तिला साक्षीदार म्हणून उभा केला होता.

खोलीबरोबर नजरही मंदावते, हे आणखी एक. बोअरला पाणी लागते ते बहुधा पाषाणातल्या एखाद्या सांध्यात किंवा दोन थरांच्या मधल्या फटीत. ती फट वीतभर असेल, कधी चार बोटे. शंभर मीटर खोल असलेली चार बोटांची फट पृष्ठभागावरच्या खुंट्यांनी कोणालाही दिसत नाही. फ्रान्समध्ये नाही, अमेरिकेत नाही, बीडमध्येही नाही. वरच्या तीस-चाळीस मीटरांत कुजक्या पाषाणाचा थर कोठे जाड आहे, कोठे पातळ, हे मात्र हे यंत्र फार चांगले सांगते, आणि आमच्या विहिरींचे पाणी मुख्यतः त्याच थरात असते. म्हणजे यंत्राला जे येते ते साध्या विहिरीच्या कामाचे आहे, आणि विकले जाते ते खोल बोअरच्या नावाने. तारांचे कुंपण, लोखंडी पाइप, मोटारीचे अर्थिंग, डोक्यावरची विजेची तार यांनी मापे कशी बिघडतात, मे महिन्यात तापलेल्या मुरमात खुंटीभोवती मिठाचे पाणी ओतल्याखेरीज वीज आत कशी शिरत नाही, ह्या गोष्टी तर मी येथे काढीतच नाही. आता हातात मावणारी, खुंट्याही न लागणारी आणि मोबाइलवर हजार फुटांचे चित्र काढणारी यंत्रे बाजारात आली आहेत. त्यांच्याविषयी लिहावयाचे म्हणजे निबंधाऐवजी फार्स लिहावा लागेल.

येथे एक जुना प्रतिपक्षी मला थांबवील. तो म्हणेल, "तुमच्याच तोंडाने ठरले ना? यंत्रही चुकते, पाणाड्याही चुकतो. मग आमचा पाणाड्या काय वाईट? निदान नारळ हातावर उभा राहतो तेव्हा तो पाच हजार रुपये मागत नाही." हे म्हणणे ऐकावयास गोड आहे आणि शहरात राहून खेड्याच्या शहाणपणावर लेख लिहिणाऱ्यांना ते विशेष आवडते. मला ते साफ अमान्य आहे. उंबराची बेचकी, तळहातावरचा नारळ, पायाळू माणसाची दृष्टी यांची कसोटी जेव्हा जेव्हा नीट घेतली गेली तेव्हा काय झाले? जर्मनीत कासेल येथे १९९० साली तीस पाणाड्यांना एवढेच सांगावयास लावले की पुरलेल्या नळातून ह्या घटकेला पाणी वाहते आहे की नाही. कसोटीच्या अटी त्यांना आधी मान्य होत्या. निकाल नाणेफेकीच्या पलीकडे गेला नाही. आमचा एखादा पाणाड्या यशस्वी होतो तो नारळाने नव्हे. त्याला नाल्याची वळणे ठाऊक असतात, कोणाची विहीर कोठवर टिकते ते ठाऊक असते, उंबर आणि वारूळ कोठे असते ते तो न बोलता पाहून घेतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत भूजलावर एक अख्खा अध्याय लिहिला, त्यातही झाडे, वारुळे, मातीचा आणि दगडाचा रंग यांचीच लक्षणे दिली आहेत. ती सगळी बरोबर आहेत असे नाही, पण ती निदान पाहण्याजोगी आणि पडताळण्याजोगी लक्षणे आहेत. नारळाला लक्षणच नाही. आणि एक वेगळाच मुद्दा आहे: सखल जागी, पावसाळ्यानंतर, मुरमाच्या थरात थोडेफार पाणी जवळजवळ कोठेही लागते. मी डोळे मिटून काठी फेकली तरी माझेही नाव होईल.

यंत्र चुकते तेव्हा ते किती चुकले हे मोजता येते. तो आकडा कागदावर छापलेला असतो. नारळाला तो आकडा नाही. सगळा फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे, आणि म्हणूनच ज्याने ती ओळ कात्रीने कापली त्याचा मला पाणाड्यापेक्षा शतपट अधिक राग येतो. पाणाड्याजवळ कापण्यासारखे काही नव्हते.

दुसरा प्रतिपक्षी अधिक हुशार आहे. तो म्हणतो, "माझ्या दहा जागांपैकी नऊ जागी पाणी लागते. लोक समाधानी आहेत. तुम्हांला काय त्रास?" त्याला माझा प्रश्न असा: लागते म्हणजे केव्हा? गाडी उभी असताना कॉम्प्रेसरने जी धार उडते ती दिवाळीच्या सुमाराची. तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या बोअरला किती पाणी आहे, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचे काय झाले, हे तू पाहावयास गेला होतास काय? यशाची व्याख्या बोअर खोदणाराने केलेली आहे आणि आपण सर्वांनी ती मानली आहे.

थोडे गणित करू. कुजक्या पाषाणात पाण्याने भरलेल्या प्रत्येक शंभर भागांपैकी दोन-एक भाग पाणी आपल्याला विहिरीत मिळते. ढोबळ आकडा आहे, पण सरकारी हिशेबही असाच धरतात. एका एकराखाली असा दहा मीटर जाडीचा थर काठोकाठ भरलेला आहे असे समजा. चार हजार चौरस मीटर गुणिले दहा गुणिले दोन टक्के: आठशे घनमीटर, म्हणजे आठ लाख लिटर. आता त्या एकरावर ऊस लावा. पाटाने पाणी देऊन पिकविलेल्या उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे धरले तर ऐंशी लाख लिटर होतात. पावसाचे वजा करा, ठिबक लावून आणखी वजा करा. तरी एक एकर ऊस स्वतःच्या पायाखालचे पाणी पिऊन भागत नाही, तो आजूबाजूच्या एकरांचे पितो. सर्वांनीच ऊस लावला तर आजूबाजूला कोणी उरत नाही. जगातले सर्वोत्तम यंत्र आणा, खरोखर प्रामाणिक माणूस आणा, केबल पाचशे मीटर पसरा; ह्या आठ लाखांचे ऐंशी लाख होणार नाहीत.

आणि तरीही सगळे गाव एकच प्रश्न विचारते: पाणी कोठे आहे? हा प्रश्न पाणाड्याने शिकविला आणि यंत्रवाल्याने तो जसाच्या तसा उचलला, कारण त्याचे उत्तर फुलीने देता येते. किती आहे, दर वर्षी किती भरते, कोणाकोणात वाटावयाचे, ह्या प्रश्नांना फुली चालत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. ती वर्षातून चार वेळा ठरावीक विहिरींची पातळी मोजते. त्या आकड्यांचे पुस्तक कोणी घरी नेत नाही. २००९ साली विधिमंडळाने मंजूर केलेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला भूजल कायदा साठ मीटरांहून खोल विहिरीला खोल विहीर म्हणून निर्बंध घालतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. माझ्याकडे आलेल्या शेतकऱ्याने साडेसातशे फूट नेला, आणि त्याला हा कायदा कोणी सांगितलाही नव्हता: ना गाडीवाल्याने, ना चित्रवाल्याने, ना ज्याच्याकडून त्याने कर्ज काढले त्याने. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. लातुरात त्या वर्षी बोअर कमी होते असे कोणी म्हणणार नाही.

खोल बोअरविषयी एक गैरसमज शहरातही आहे, म्हणून पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हा लेख शेतकऱ्यांचा म्हणून बाजूला ठेवू नये. जितके खोल तितके पाणी, अशी समजूत घेऊन सोसायट्यांच्या आवारातही गाडी येते. खाली समुद्र नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तेथे खोल छिद्र पाडले तेव्हा ३३८ मीटरांवर लाव्हाचे थर संपले; कोयनेला ते नऊशे मीटरांहून अधिक निघाले. त्याखाली आहे तो ग्रॅनाइटसारखा पुरातन कठीण खडक. मधल्या थरांत एखादी फट मिळाली तर तिच्यात जे पाणी असते ते वरच्या पावसाने सावकाश भरलेले असते, आणि आपण ते घाईने उपसतो.

मग ह्या यंत्राचे काय करावे? त्याला त्याचे काम द्यावे. पाझर तलाव बांधण्यापूर्वी तळाखाली मुरूम किती जाड आहे आणि पाणी जिरेल की पाषाणावर अडून राहील ते त्याला विचारावे. धरणाच्या मातीच्या भिंतीतून पाणी कोठून झिरपते, कचऱ्याच्या डेपोखालून खारट घाण कोणत्या विहिरींकडे सरकते आहे, खाडीचे पाणी दर उन्हाळ्यात किती आत येते, हे सगळे त्याला दिसते, आणि बरेच स्वच्छ दिसते, कारण येथे रोधकतेतले अंतर मोठे आणि खोली बेताची असते. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडले गेले, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. सह्याद्रीच्या उतारावर अशा वाड्या अजून कितीतरी आहेत. त्यांच्या डोक्यावर माती-मुरमाचा थर किती जाड आहे आणि पावसात तो कोठे भिजून फुगतो, हे केबल टाकून पाहता येते. त्याने दरड केव्हा पडेल ते कळणार नाही. कोणती वाडी आधी हलवावी याचा विचार करावयास आधार मिळेल. पण तेथे फुली नाही, आणि फुली नाही म्हणून फी नाही.

विहिरीसाठीही ते वापरावे, माझी हरकत नाही. मात्र कागद पुरा द्यावा: तिन्ही चित्रे, तफावतीचा आकडा, खुंट्या किती, अंतर किती, मांडणी कोणती, तारीख, आणि काढणाऱ्याची सही. आणि जवळच्या एखाद्या जुन्या विहिरीच्या कडेने केबल नेऊन, विहिरीच्या भिंतीत जे थर उघडे दिसतात त्यांच्याशी चित्र ताडून दाखवावे. माझ्या पिढीला हे कोणी शिकवावे लागत नसे. विहिरीत उतरल्यावाचून आम्हांला रोधकतेचा आकडा वाचताच येत नसे.

याहून महत्त्वाची आणि जवळजवळ फुकट अशी एक गोष्ट आहे, आणि ती कोणी करीत नाही. दर गावात दर वर्षी जे बोअर कोरडे जातात ते सगळे अंधारात जातात. शेतकरी लाजेने बोलत नाही, गाडीवाला फुटांचे पैसे घेऊन पुढच्या गावी जातो, चित्रवाला फोन उचलत नाही. वस्तुतः कोरडा बोअर ही त्या गावातली सर्वांत महाग विकत घेतलेली माहिती असते. बोअर चालू असताना दर रॉडमागे चुरा बाहेर पडतो: आधी काळी माती, मग पिवळट मुरूम, मग काळा भुगा, मधेच गेरू आला की सगळ्यांचे पाय तांबडे होतात. कोणत्या फुटाला काय निघाले हे गाडीवरच्या पोराला तोंडपाठ असते. ज्या उत्तरासाठी केबल पसरावयाची ते उत्तर तेथे ढिगांनी ओळीत पडलेले असते, आणि पहिल्या पावसात वाहून जाते.

ग्रामपंचायतीने एक वही ठेवावी. गट नंबर, तारीख, एकूण फूट, किती फुटांवर कोणता चुरा, पाणी लागले तर किती फुटांवर, नाही लागले तर तसे. जागा कोणी दाखविली तोही रकाना असावा. नारळाने, बेचकीने की यंत्राने, आणि यंत्र असेल तर माणसाचे नाव. मे महिन्यात पुन्हा एकदा त्या बोअरमध्ये दोरी सोडून पातळी लिहावी. दहा वर्षांच्या नोंदी जमल्या तर माझ्यासारख्याला त्या गावात केबल पसरण्यापूर्वी निम्मे उत्तर हाती असेल. माझ्याकडे आलेल्या शेतकऱ्याला मी तिसरी जागा दाखविली नाही. त्याला दोन्ही बोअरचा चुरा काय काय निघाला ते आठवून सांगावयास लावले. त्याने सांगितले, आणि मी ते त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर फुटांसह लिहून घेऊन कागद त्याला परत दिला. पहिल्या बोअरला ८५ फुटांवर गेरू लागला होता, दुसऱ्याला ९२ वर. त्याच्या सख्ख्या चुलत्याची विहीर ह्या दोन्हींच्या मधे होती आणि ती ४५ फुटांवर थांबलेली होती.